पुलाच्या लढाईचा साक्षीदार

सरदारांनी बढाया मारायच्या आणि हुजऱ्याने साक्ष द्यायची, अशी त्या घराची रीतच पडून गेली होती. सरदारांनी ढगाला दोर बांधून डोंगर ओलांडला, की खुर्चीमागे उभ्या हुजऱ्याने म्हणायचं, "या डोळ्यांनी पाहिलं, सरकार." तोफेच्या तोंडात शिंकून त्यांनी किल्ला पाडला, तेही त्याने पाहिलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण त्यात कुणाचं काही जात नव्हतं, म्हणून हुजऱ्या आपला मान डोलवत आला.

त्या दुपारी पाहुणे जेवायला होते आणि सरदारांनी पुलाची लढाई काढली. हुजऱ्याचे कान टवकारले. त्या पुलावर त्याचा थोरला भाऊ लढताना पडला होता, आणि त्याच भावाची बायको आता स्वयंपाकघराच्या दारात वाढायचं भांडं घेऊन उभी होती.

"एका हातानं पूल पेललाय," सरदार म्हणाले, "दुसऱ्यानं शत्रू कापतोय! आणि याचा भाऊ? शेळपट लेकाचा! ढाल टाकून पळाला तो पळालाच. काय रे, पाहिलंस ना?"

हुजऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाहिलं ना," तो म्हणाला. "दादा पुलावर एकटा उभा होता. सरकार गिरणीत पिठाच्या कोठीत लपले होते. मीच ओढून काढलं. भुवयांपर्यंत पांढरे झाले होते."

एकच हशा उसळला.

"ही तर सगळ्यांवर कडी!" एक पाहुणा डोळे पुसत म्हणाला.

सरदार महालबाड. तेही हसले. "आमच्या हाताखाली राहून थापा मारायला शिकला बरं का!"

त्यांचा तिथेच गळा दाबावा असं हुजऱ्याला वाटलं. पण इतकी वर्षं खोट्याला हो म्हटलं, आता त्याच्या खऱ्याला कोण हो म्हणणार?

वहिनी पुढे आली. तिने भांडं सरदारांच्या पुढ्यात आदळलं.

"सरकार, ते पळाले असते," ती म्हणाली, "तर घरी आले नसते का?"

कुणी हसलं नाही. पाहुण्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. सरदारांनी सवयीने साक्षीसाठी मागे वळून पाहिलं. खुर्चीमागे कुणीच नव्हतं. हुजऱ्या वहिनीशेजारी जाऊन उभा राहिला होता.