हजारातला एक भाग उजेड

डबीत आम्ही चौघी होतो: दोन साध्या संरक्षक काचा, पाण्यावरची चकाकी कापणारी एक पोलरायझर आणि मी. मित्रांनो, मी एक जुनी काळी काच आहे. मला कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावतात. दुकानात माझे नाव एनडी फिल्टर.

उजेडाच्या हजार भागांपैकी साधारण एकच भाग मी आत सोडते. त्यामुळे कॅमेऱ्याला डोळा दोन-चार मिनिटे उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जे चालते-फिरते त्याची खूण राहत नाही. जे स्थिर असते तेच उमटते.

नऊ वर्षांपूर्वी मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राजेसाबांच्या स्टुडिओत आले. सुरुवातीला धबधबे पाहिले, कौतुकही झाले. मग लग्नांची कामे वाढली. "इसको लगाया तो दुपहर की रात होती," असे म्हणत राजेसाबांनी मला खणात टाकले. माझ्यावर अंगठ्याचा एक ठसा होता. तो सहा वर्षे तसाच राहिला. काच कडेने धरावी आणि मऊ कापडाने पुसावी, एवढे माझ्या जातीसाठी कराच.

या जानेवारीत सिद्धेश्वरी नावाच्या मुलीने मला त्यांच्या जुन्या सामानातून विकत घेतले आणि तो ठसा पुसला. रविवारी ती तिच्या आईला, चंद्रव्वाला, घेऊन भीमा-सीनेच्या संगमावर गेली. आईला ती अव्वा म्हणते. अव्वाचे माहेर त्याच काठचे. तिची मागणी एकच होती.

"लगीन झाल्यापास्नं माझा एकटीचा एक बी फोटू न्हाय. नदी आन् मी. दुसरं कुनी नको."

पण रविवार असल्याने काठावर गर्दी होती. सिद्धेश्वरीने आधी पोलरायझर लावून पाहिली. पाण्याखालचे गोटे स्वच्छ दिसले, माणसेही तितकीच स्वच्छ दिसली. मग तिने मला लावले आणि वेळ ठरवला, १२८ सेकंद. अव्वा दगडावर बसली. विसाव्या सेकंदाला कुणाची तरी बादली पाण्यात सरकली आणि ती धरायला अव्वा उठली.

फोटोत पाणी धुक्यासारखे आले आणि दगड रिकामा.

"मी कुटं हाय?" अव्वाने विचारले. सिद्धेश्वरीने दगडावरचा फिकट डाग दाखवला. अव्वा तो बराच वेळ पाहत राहिली. "घरच्या लग्नातल्या फोटूत बी माझी पाठच हाय की," ती म्हणाली आणि पुन्हा जाऊन बसली.

सूर्य कलला होता, उजेड निम्म्यावर आला होता. आता २५६ सेकंद लागणार होते, आणि त्यानंतर आणखी एका फोटोपुरता उजेड उरणार नव्हता. सिद्धेश्वरीने शटर उघडले. दीड मिनिट झाले असेल, तोच माहेरची बनाबाई घागर घेऊन समोरून आली आणि तिने अव्वाला हाक मारली. अव्वा हलली नाही.

"बोलत न्हाईस व्हय? सोलापूरवाली लई मोठी झाली की," असे म्हणून बनाबाई निघून गेली. अव्वाचे डोळे भरले. हात मात्र मांडीवरच राहिले.

शटर बंद होताच ती उठून बनाबाईला हाका मारत काठाने धावली. सिद्धेश्वरीने मला कडेने धरून उतरवले, फोटो मोठा करून तपासला आणि वहीत लिहिले:

वेळ २५६ सेकंद. समोरून गेलेली माणसे २३. फोटोत दिसणारी माणसे १.