नावावाचून राहिलेली

यशोदाबाईच्या टेबलावरून कागद गेला आणि त्याला ओरखडा पडला नाही, असं कधी झालं नाही. कळमनुरी रोडवर कृषी विद्यापीठाचं एक उपकेंद्र होतं, तिथं ती वरिष्ठ लिपिक होती. रजा तिच्याकडं, बदल्या तिच्याकडं, वेतनवाढी तिच्याकडं. ग्रंथपाल साधना मॅडमची प्रसूती रजा तर तिनं इतक्यांदा परत पाठवली की लेकरू आधी आलं आणि मंजुरी मागून आली. तेव्हापासून साधना तिच्याशी बोलत नव्हती. पाठीमागं तिला दगडाबाई म्हणायची, आणि हे यशोदाबाईच्या कानावर आलेलंही होतं. "म्हणू द्या की," ती म्हणायची, "दगडाला काय व्हतंय?"

आता ही दगडाबाई दुपारी जेवायला कुठं जायची, तर रोपांच्या शेडनेटमागं. एकटी. बायकांची पंगत ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसायची, पण हिचा डबा त्या पंगतीत कधी उघडला नाही. लोक म्हणायचे, घमेंड आहे. कसली घमेंड अन् कसलं काय! तिथं गेल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, आणि तिथं गेलं की तिला पान्हा फुटायचा. हो, पान्हा. चाळिशी गाठलेल्या, वीस वर्षांत मांडीवर लेकरू न घेतलेल्या बाईला. दुपार टळटळीत व्हायची, वारा पडायचा, शेडनेटची हिरवी जाळी हलायची थांबायची, आणि जमिनीतून बारीक रडणं यायचं. नुकत्याच जन्मलेल्या लेकराचं, अजून नीट रडताही न येणारं. पोलकं ओलं व्हायचं. म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. सांगणार कुणाला? डॉक्टरला? नवऱ्याला, तातेरावला, एकदा सांगितलं, तर तो मेंढरं घेऊन माळावर निघून गेला आणि रात्री जेवायलाही आला नाही.

जिथं ही शेडनेट, तिथं पूर्वी यशोदाबाईचं घर होतं. उपकेंद्र व्हायच्या आधी हा सगळा माळ धनगरांच्या वाडीचा. सरकारनं जमीन घेतली, मोबदला दिला, ओढ्यापलीकडं नवी वाडी बसवून दिली आणि घरटी एकाला नोकरी. दहावी झालेली सून म्हणून यशोदाला कारकुनी मिळाली. त्यात तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती वाडी उठली त्या सकाळची.

वाडी उठते तेव्हा नुसती भांडीकुंडी उचलून भागत नाही. घरातली मेलेली माणसंही न्यावी लागतात. घरची थोरली बाई चुलीतली मूठभर माती ओटीत घेते आणि एकेकाला नावानं हाक मारते, चल बाबा, आपलं घर उठलं. मग निघायचं, ते मागं वळून बघायचं नाही. बघितलं की मागून येणारे थबकतात आणि तिथंच राहतात. यशोदाच्या सासूनं सासऱ्याला हाक मारली, आजेसासऱ्याला मारली, विहिरीत पडून गेलेल्या दिराला मारली. यशोदा वाट बघत उभी होती. तिची पोरगी पाचवीच्या रात्री गेली होती, घराच्या मागच्या अंगाला पुरलेली होती, वरची माती अजून दबलीसुद्धा नव्हती.

"सासूबाई, माही पोरगी?"

"बारसं झालंय व्हय तिचं? नाव न्हाई तिला. हाक कशी मारू?"

नाव आत्यानं ठेवायचं असतं. तातेरावची एकुलती बहीण तेव्हा पोटुशी होती. मेलेल्या लेकराच्या कानात कुर्र करायला ती तयार झाली नाही, आणि पुढं बाळंतपणात तीही गेली. झालं, आत्याच उरली नाही. यशोदानं एकटीनं येऊन खूप हाका मारल्या. बाळ म्हटलं, सोने म्हटलं, माय म्हटलं. पण बाळ म्हटलं तर ते कुणाचंही बाळ. आपल्यालाच बोलावून राहिले हे त्या जिवाला कळावं कसं? ती रडतच राहिली. आणि यशोदाची कूस परत उजवली नाही.

असं चालू असताना, दोन हजार तीन साली, बदली आली. थेट विद्यापीठाच्या मुख्यालयात, तिकडं लांब. आधी ओळखीपाळखी लावून तिनं टाळली होती, या वेळी टळली नाही. तातेरावनं मेंढरं विकली आणि टेम्पोत सामान घालून तो पुढं गेला. नवी वाडी सुटल्याचं तिला काही वाटलं नाही. पण आपण गेल्यावर दुपारी शेडनेटमागं कोण बसणार? आजवर पोरीला आईचा वास तरी येत होता. आता तोही जाणार, आणि ती एकटी रडत राहणार, या विचारानं यशोदाबाईचा डबा भरलाच परत जाऊ लागला.

इथं शिवप्रसाद सरांचं सांगायला पाहिजे. हे नवे संचालक, कोल्हापूरकडचे, मोठा हौशी माणूस. उत्तमराव ड्रायव्हर वारला तेव्हा त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे हे ऑफिसात एकालाही सांगता येईना. ही गोष्ट सरांच्या मनाला फार लागली. त्या दिवसापासून त्यांनी दर शनिवारी दुपारी फेरी सुरू केली. प्राध्यापक, कारकून, शिपाई, मजूर, सगळे एकत्र. दर वेळी एकानं पुढं व्हायचं आणि या आवारातली आपली जागा बाकीच्यांना दाखवायची. सुरुवातीला लोक हसले. पण मुंजाजी वॉचमननं आपण ड्यूटीवर कुठल्या आंब्याखाली झोपतो ती जागा खुद्द संचालकांना दाखवली, आणि फेरी रंगायला लागली. प्राध्यापक मोहनसिंग सरांनी तुरीच्या वावरात उभं राहून वडलांची आठवण काढली आणि डोळे पुसले. डबे इकडून तिकडं फिरू लागले. यशोदाबाई मात्र आपली पाळी आली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळी व्हायची.

शेवटच्या शनिवारी तसं करता येईना. त्याच दुपारच्या एसटीनं ती जाणार होती, बॅग मुंजाजीच्या गेटवरच्या खोलीत ठेवलेली. शिवप्रसाद सर म्हणाले, "हार-नारळ होईलच. पण आजची फेरी तुमची."

"माही जागा म्हंजे माहं टेबल. घ्या बघून," ती म्हणाली. सगळे हसले.

"न्हाई मॅडम, असं न्हाई चालायचं," मुंजाजी म्हणाला. "तुमी डबा खाता तिथं न्या. एवढ्या वर्षांत कदी बोलावलं न्हाई आमाला. लोणचं लपवून खाता का काय?"

ती गुमान पुढं चालू लागली आणि तिच्यामागून सगळं लटांबर.

शेडनेटमागं पोचेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. पोचल्यावर वारा पडला आणि जाळी हलायची थांबली. "इथं बसते मी. गार असतं," यशोदाबाई म्हणाली. "बघितलं ना? चला आता." तेवढ्यात रडणं सुरू झालं. तिनं पदर गच्च आवळला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मोहनसिंग सर चपलेतला खडा काढत होते. शिवप्रसाद सर घाम पुसत होते. कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. नेहमीसारखंच.

"कुणाचं लेकरू रडतंय?" मागून साधनाचा आवाज आला.

ती घोळक्यातून वाट काढत पुढं आली. "अहो, ऐकू येत नाही का कुणाला? भुकेचं रडणं आहे हे." आणि एकदम थांबली. तिनं खाली बघितलं आणि लाजून दोन्ही हात छातीशी घेतले. तिच्या फिकट साडीवर ओले डाग पसरत होते. तिचं तान्हं तर हिंगोलीत आजीपाशी झोपलेलं. गोंधळून तिनं मान वर केली, तर समोर यशोदाबाई. तिच्या हातातून पदर कधी सुटला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. पोलक्यावर तसेच डाग.

"कोण आहे ते?" साधनानं हळूच विचारलं.

"माही पोरगी," यशोदाबाई म्हणाली. आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं, पुरुषमाणसांसमोर, संचालकांसमोर, पदराचंही भान न ठेवता. पाचवीची रात्र, सासूच्या हाका, न मिळालेलं नाव, सगळं. शेवटी ती साधनाला म्हणाली, "तुमची रजा काहून अडवली, आता तरी कळलं का? तुमाला लेकरू व्हणार, त्याचं बारसं व्हणार, पेढे येणार. माह्या जिवाची नुसती आग व्हायची."

साधना मातीवर खाली बसली. ती भ्याली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. घरी तान्हं लेकरू असलेली बाई असल्या जागी उभीसुद्धा राहत नाही. "तातेरावदादांना आता बहीण नाही ना?" ती म्हणाली. "मी होते आत्या."

"तुमी नका मॅडम. तुमच्या घरी लेकरू हाय," यशोदाबाई घाबरून म्हणाली.

"हेही लेकरूच आहे, वहिनी. नाव काय ठेवायचं होतं तुम्हाला?"

"मला कुणी इचारलं व्हय? ते आत्याचं काम."

साधना मूळची साताऱ्याकडची, तिला इथलं काय ठाऊक असणार? ऑफिसला येताना रोज पुलावरून दिसते ती नदी तेवढी नावानं ठाऊक. तिनं मूठभर माती उकरून ओंजळीत घेतली, कानाशी तोंड न्यावं तसं मातीपाशी नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... कयाधू." रीतीप्रमाणं या वेळी बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. कुणाचा हात उठेना. मग झाडलोट करणाऱ्या सुमनबाई पुढं आल्या आणि त्यांनी सणसणीत धपाटा घातला. पाठोपाठ बाकीच्यांनी घातले. कोण हसत होतं, कोण रडत होतं, आणि त्या गलक्यात जमिनीतलं रडणं थांबलं.

नुसतं थांबलं. पोरगी ऐकत होती, एवढंच यशोदाबाईला कळलं.

तिनं ती माती ओटीत घेतली. उभी राहिली. आवाज असा फुटला की जाळीवरची पाखरं उडाली. "कयाधू! चल माय, आपलं घर उठलं!"

"कुणी मागं बघू नका," गेटकडं चालता चालता ती सांगत होती. "पाया पडते, माहा जीव घ्या, पण मागं बघू नका." सगळी फेरी तिच्याबरोबर निघाली. शिवप्रसाद सरांनी जन्मात असलं काही मानलं नव्हतं, पण तेही मान ताठ धरून नाकासमोर चालले होते. प्रयोगशाळा गेली. ग्रंथालयाच्या वळणावर मागून आवाज आला. रडण्याचा नव्हे, मातीवर तळहात टेकल्याचा. थप. थप. धाप लागल्यासारखा मधेच थांबायचा आणि परत यायचा. या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. पाच दिवसांचं लेकरू रांगत नाही, हे यशोदाबाईला कळत होतं. पण वीस वर्षं कुणी उचलूनच घेतलं नाही, तर त्यानं करावं तरी काय?

सुमनबाई देवाचं नाव पुटपुटायला लागल्या. मोहनसिंग सरांनी मुंजाजीचा हात धरला. कुणी वळलं नाही. यशोदाबाईला तर वळून बघायची अशी ओढ लागली की मान दुखायला लागली. एकदाच बघितलं असतं, तोंड कसं दिसतं तेवढं. दात आवळून ती चालत राहिली. गेटपाशी पोचता पोचता आवाज बंद झाला.

आली, की थबकली? कुणी चुकून वळलं तर नसेल? विचारायलाही वेळ मिळाला नाही, एसटी समोर येऊन उभी. मुंजाजीनं बॅग चढवली. हार गळ्यात घालायचा राहिला, तो कुणीतरी खिडकीतून आत दिला. साधना खिडकीखाली येऊन म्हणाली, "वहिनी, राहिली असेल तर राहू दे. मी आहे इथं. रोज दुपारी बसेन मी तिच्यापाशी."

गाडी सुटली. यशोदाबाईनं पदराखाली हात घालून बघितला. पोलकं सुकलं होतं. पान्ह्याचा मागमूस नाही. म्हणजे पोरगी मागंच राहिली, तिनं ओळखलं, आणि चारचौघांची लाज न बाळगता ती हमसाहमशी रडायला लागली. शेजारी हिंगोलीकडच्या पुसेगावची एक म्हातारी टोपलं घेऊन बसली होती. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग कोपरानं ढोसलं.

"रडू नको बाई. अन् पदर घे की जरा. लेकराच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं."

यशोदाबाईची खाली बघायची छाती झाली नाही. तिनं पदर मांडीवर ओढला. तिथं ऊब होती.

"पोट भरलेलं दिसतंय, कसं गाढ निजलंय बघ," म्हातारी म्हणाली. "नाव काय ठिवलं?"

"कयाधू," यशोदाबाई म्हणाली. "तिच्या आत्यानं ठिवलं."