दवाखान्यातला काळा टेलिफोन

मी एक जुना, काळा टेलिफोन आहे, मित्रांनो. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली होती, एवढंच बालपण आठवतं. पुढचं आयुष्य एका खेड्यातल्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलावर गेलं.

डॉक्टरांना एक खोड होती. गावातली जी मुलं शहरात शिकायला गेली, त्यांना ते सवड मिळाली की फोन लावत. "पेपर कसा गेला? खोकला थांबला का?" परत या, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. मुलंच विचारायची, "काका, शाळेचं छप्पर झालं का?" तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा!

डॉक्टर वारले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात; इथे वैद्य गेला, गरज तशीच राहिली. नवा डॉक्टर येईना. बाहेर गेलेल्या मुलांची चौकशी करावी, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांच्या हाताखालच्या नर्सबाई एकट्याच दवाखाना उघडत, गोळ्या देत, मलमपट्टी करत. माझ्यावर फडकं मारत, पण मला उचलत नसत.

मग त्यांचीच सून बाळंतपणात अडली. बाळ आडवं होतं. बाईंनी हातात होतं तेवढं केलं आणि तिला गाडीत घालून शहराकडे निघाल्या. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला उचललं आणि सुताराच्या मुलीला फोन लावला. ती याच गावातून शिकायला गेलेली. आता मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती, बाळंतपणंच करायची.

"मावशी, काका गेल्यापासून गावातून एक फोन नाही," ती म्हणाली. "माझे बाबा इथे वारले, तेव्हाही नाही. आता डॉक्टर हवा असेल, म्हणून आठवण झाली."

"चुकलंच आमचं. पण मागायला नाही गं केला फोन. माझी सून गेली. कोणाला तरी सांगायचं होतं."

"कशाने?"

"बाळ आडवं होतं. तेही गेलं."



"काल फोन केला असतात," ती हळूच म्हणाली, "तर मी सांगितलं असतं काय करायचं ते."

बाईंनी मला हळूच खाली ठेवलं.

नंतर तीच अधूनमधून फोन करू लागली. नीट जेवता का, झोप लागते का, एवढंच विचारायची. वर्ष सरता सरता ती सामान घेऊन गावी आली.

तिच्या हातून दवाखान्यात पहिलं बाळंतपण सुखरूप झालं. नर्सबाईंनी बाळ पुसून आईच्या कुशीत दिलं. मग माझ्या खोलीत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेरून दोनदा हाक आली, तरी त्या वळल्या नाहीत.

आता माझी तार कापली आहे, मी कपाटावर पडून असतो. मित्रांनो, माझं सोडा. पण गाव सोडून गेलेल्या माणसाला उगाचच फोन करत जा. काम निघण्याची वाट पाहू नका. तोवर घरातलं कोणीतरी गेलेलं असतं.