सागवानी चाक

अमळनेरच्या तेल गिरणीत तीस वर्षं टर्नर म्हणून काढल्यावर आधार निवृत्त झाला आणि १९८८ च्या चैत्रात धुळ्याच्या भंगार बाजारातून एक जुनं लेथ मशीन घेऊन घरी आला. चार हमालांनी लोखंडी पाइपांवरून ढकलत ते मागच्या पडवीत नेलं. त्याची बायको द्रौपदाबाई हिचं जातं, पाटा-वरवंटा आणि सरपण आधीच अंगणात काढलेलं होतं.

"बठ्ठं घर तुमनंच शे का?" सगळं घरच त्याने व्यापलेलं बघून ती एवढंच म्हणाली.

आधारने आखणी केली होती. डावीकडे लोखंडाचं काम, उजवीकडे लाकडाचं, दोन्हींसाठी एकच मशीन. त्याने फरशी उखडली, काँक्रीटचा चौथरा घातला, पंधरा दिवस पाणी मारलं. मग मशीन वर चढवून पाणसळीने समतल केलं. एवढं झाल्यावर वायरमन आला आणि मोटर बघून म्हणाला, "नाना, ही थ्री फेजची आहे. तुमच्या घरात सिंगल फेज, त्यावर ही चालणार नाही."

बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीची सिंगल फेज मोटर मिळाली, पण ती लहान होती. मशीनवर मोठं चाक बसवलं तरच तिला ओढ पेलणार होती. तेवढं चाक बाजारात नव्हतं. आधारने सागाच्या फळ्या एकमेकींवर चिकटवल्या, गोल कापल्या आणि चाक मशीनवरच घासून घ्यायचं ठरवलं. चाक होईपर्यंत मोटर लावता येणार नव्हती, म्हणून मशीनच्या मागच्या टोकाला हँडल बसवलं.

"हँडल फिरवशील का?" त्याने विचारलं.

द्रौपदाबाईने पदर खोचला. चाक फिरू लागलं, पटाशीखालून सागाचा भुसा उडू लागला. थोड्या वेळाने ती थांबली.

"एका जागी हातले जड लागस."

"लाकडात गाठ असेल. फिरव तू."

"गाठ नई. मी जन्मभर जातं वढेल शे. जातानी खुटी ढिली झाली का अशेच लागस."

आधारने खडू घेऊन चाकाच्या कडेला टेकवला आणि हाताने चाक फिरवलं. खडूची रेघ अर्ध्याच घेरावर उमटली. चाक मध्याला बसलंच नव्हतं; दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकलेलं होतं. गिरणीत हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याने त्याला चार शब्द सुनावले असते. त्याने मान खाली घालून बोल्ट सोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाक तयार झालं. पट्टा चढवून मोटर लावली. मशीन फिरलं. आवाज थोडा जास्त होता, पण चौथरा हलला नाही.

पावसाळ्यापर्यंत कामं येऊ लागली. कुणाच्या मोटरची बुशिंग, कुणाच्या बाजेचे पाय. लाकडाचा भुसा तेलात बसून लोखंडाची कामं बिघडायला लागली, तेव्हा द्रौपदाबाईनेच वार ठरवून दिले: लाकूड फक्त गुरुवारी आणि भुसा झाडल्याशिवाय जेवण नाही. आधारने ते मानलं. काम बिघडलं असं वाटलं, की तो तिला हाक मारायचा, "जरा हात लावून बघ." ती स्वयंपाक अर्धा टाकून यायची.