साहेबांचा शोध
माझे अशील, म्हणजे आमचे साहेब, यांच्या नावावर एकोणीस पेटंट आहेत. त्यांना घरातला दिवा बदलता येत नाही. कंपनीची रीतच अशी, की शोध कोणीही लावो, अर्जावर नाव साहेबांचं, तेही एकट्याचं. सतरावं पेटंट शिलाई मशीनच्या सेन्सरचं होतं. बोट सुईजवळ गेलं की मशीन जागच्या जागी थांबतं. तो सेन्सर बनवणारी बाई नोकरी सोडून गेली आणि चार माणसं घेऊन तिने स्वतःचा कारखाना काढला. साहेबांच्या पोटात दुखलं. मी खटला भरला आणि निकाल लागेपर्यंत तिने माल विकायचा नाही, असा हुकूमही मिळवला. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

अशा खटल्यात दोन्ही बाजूंना आपापले जुने कागद एकमेकांना द्यावे लागतात. साहेबांचे मेहुणे कंपनीत नेमकं काय करतात ते कोणालाच ठाऊक नाही, पण त्यांनी उत्साहाने गोदाम उपसून खोकी माझ्या ऑफिसात आणून टाकली. तिसऱ्या खोक्यात तिची प्रयोगवही निघाली. या वह्यांचा एक नियम असतो. ज्याचा शोधात हात नाही अशा माणसाने प्रत्येक पानाखाली 'वाचले, समजले' म्हणून साक्षीदाराची सही करायची. सेन्सरच्या पहिल्या आकृतीखाली साक्षीदार कोण? आमचे साहेब! दिसेल त्या कागदावर सही ठोकायची खोड. शोध आपला नव्हे, हे या दिवट्याने स्वतःच लिहून दिलं होतं, तेही पेटंटच्या अर्जाआधी आठ महिने.

मी फोन केला.

"अहो, शेकड्याने सह्या करतो मी. वाचतंय कोण?" साहेब म्हणाले. "फाडून टाका ना ते पान."

"फाडलं तर मी आत जाईन."

"मग वकील कशाला ठेवलाय?"

मी फाडलं नाही. असली भुरटी कामं मी करत नाही. चाळीस हजार कागदांत, कॅन्टीनच्या याद्या आणि रजेचे अर्ज यांच्या मधोमध मी ती वही सारली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळा ढीग तिच्या वकिलाकडे पाठवला. अगदी कायद्याला धरून. तो वकील एक नंबरचा आळशी. तो काय वाचणार, कपाळ!

तिने वाचलं. एकटीने, पाच महिने बसून, पानन् पान.

कोर्टात तिच्या वकिलाने वही साहेबांपुढे धरली. "ही सही तुमचीच?"

"माझीच. न वाचता मी कशावरही सही करत नाही," साहेब छाती फुगवून म्हणाले आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागले. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याच आठवड्यात आमचा खटला उडाला आणि तिच्यावरची विक्रीबंदीही उठली.

निकालानंतर व्हरांड्यात ती समोर आली. मी तोंडभर हसलो. "अभिनंदन. आता कारखाना जोरात चालवा."

"कोणाला घेऊन? चौघंही गेले. इतके महिने हातावर हात ठेवून कोण बसेल?"

"काय करणार? साहेबांचा हट्ट..."

"साहेबांचं सोडा हो. त्यांना त्या पानातलं अक्षरही कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं."

ती रागावून बोलली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण ती नुसती बघत होती, आणि तशा नजरेने आजवर मी साहेबांकडे बघत आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.