सुलैबियातला राब

"धूर केलास तर म्हातारा आपल्याला हाकलून दील," जयराम म्हणाला.

"आनि नाय केला तर? बी तर तसंबी जळतंयच," गंगू म्हणाली आणि खजुराच्या वाळक्या झावळ्या ओढायला लागली.

कुवेतमधल्या सुलैबियातल्या मळ्यावर सकाळपासून नवरा-बायकोचं हेच चाललं होतं. साल त्र्याण्णव. गणपती उलटून गेले तरी ऊन असं की तवा परवडला. दोन वर्षांमागच्या लढाईत मळा ओस पडला, जमिनीवर खाराचं पांढरं पुट चढलं. म्हाताऱ्या मालकाला सगळे अरबाब म्हणायचे. त्यानं सरळ सांगून टाकलं होतं: हिवाळ्यात हिरवं दिसलं तर बाई नि पोर मळ्यावर राहतील. नाही दिसलं तर बाई शहरात सलव्यातल्या त्याच्या घरी कामाला आणि पोर गावी.

पोर म्हणजे अक्षदा, सहा महिन्यांची. आसपास सगळ्या सड्या गड्यांच्या खोल्या, त्यात बायको म्हणून नांदायला आलेली गंगू पहिलीच. संगमेश्वराकडची कुणब्याची लेक. पत्र्याच्या खोलीपुढं चूल मांडली, तुळस जगेना म्हणून सबजा लावला. लोक हसले, तिनं ढुंकून बघितलं नाही.

दोनदा बी टाकलं, दोनदा उगवून करपलं. आता कोकणातला माणूस जमीन भाजल्याशिवाय बी टाकील का? शेण अंथरायचं, वर पाला, वर माती, आणि पेटवून द्यायचं. त्यालाच राब म्हणतात. आजा-पणजानं तेच केलं, गंगूला दुसरं ठाऊक नव्हतं.

पाण्याचा टँकर घेऊन इद्रीस आला. तो खेडकडचा, म्हणजे आपल्याच मुलखातला.

"गंगू, हितं धूर काडू नको गो. हितल्या लोकांनी लय धूर बगितलाय."

"राबाच्या धुरानं आजवर कोन मेलंय, भाऊ?"

तिनं लढाई बघितली नव्हती, आणि जयरामही तिच्याआधी वर्षभरच आलेला. तिनं काडी लावली.

झावळ्यांखाली जुन्या शेडचं प्लास्टिक दडलेलं कुणाला दिसलंच नाही. धूर काळाकुट्ट उठला आणि मळ्यावर पसरला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. अरबाबची गाडी नेमकी तेव्हाच फाट्यावरून वळत होती.

म्हातारा उतरला तो अनवाणीच. चार पावलं टाकून रेतीत बसला आणि डोईचं फडकं तोंडावर धरून खोकत राहिला. इद्रीसनं सगळा टँकर आगीवर मोकळा केला. मग म्हातारा खालच्या मानेनं काहीतरी बोलला.

"काय म्हनतो?" गंगूनं विचारलं.

"त्याची बायको लढाईत पेटलेल्या त्येलाच्या विहिरींच्या धुरात दम कोंडून गेली," इद्रीस म्हणाला. "उद्या तुला सलव्याला न्यायची म्हनतो."

"आनि पोर?"

"मी रजेवर चाललोय. तुज्या सासूच्या हातात नेऊन देतो. माज्या लेकीसारकी नेतो."

गंगूनं पोरीला शेवटचं पाजलं. रडली नाही. पण आतून ती त्या राबासारखी अर्धी जळून भिजली होती, हे जयरामला दिसत होतं.

हिवाळा आला. सगळा मळा मेल्यागत, फक्त राबाच्या तुकड्यात जयरामनं टाकलेली मेथी नि कोथिंबीर दाट माजली. अरबाबनं जुड्या सलव्याला नेल्या. तिथल्या स्वयंपाकघरात त्या निवडायला आल्या त्या गंगूच्याच हातात. मुळाला चिकटलेली काळी माती बघून तिनं ओळखलं.

"जयराम चांगला शेतकरी आहे," मालकीण म्हणाली. म्हाताऱ्याची सून ती. गंगूनं पाल्याचं पाणी झटकलं.

पुढच्या भादव्यात म्हातारा स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आला. एव्हाना तिला त्याची भाषा कळत होती.

"त्या तुकड्यात काय घातलं होतंस?"

"राख."

म्हाताऱ्यानं डोईचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "सगळ्या मळ्यात घाल. त्या दिवशी मी घराबाहेर पडणार नाही."

"माजी पोर आना, मग घालते."

म्हाताऱ्यानं सरकारी कचेरीत खेटे घातले, खोटं कशाला बोला. पण सलव्याला गेल्यावर तिची नोंद घरकामाची बाई म्हणून झाली होती, आणि तशा बाईला पोर आणायचा विसा मिळेना. त्या सालीही नाही, पुढच्याही नाही. शेवटी गंगू मळ्यावर परतली, कारण नवरा तरी तिथं होता. राब घातला, मळा हिरवा झाला. मग पार उत्तरेच्या अबदलीपर्यंतच्या मळ्यांवरचे गडी राब बघायला यायचे आणि तिला वहिनी म्हणायचे.

दोन हजार साली जयरामनं मोबाइल घेतला. गावातल्या दुकानावर फोन लावला. निरोप मिळून आजीबरोबर धावत आलेल्या सात वर्षांच्या अक्षदानं तो घेतला.

"बाय, मी आवस बोलतंय, तुजी आय."

 मग पोरीनं आजीला हाक मारली, "आये, कुवेतची ती बाई हाय गो. काय सांगू तिला?"

गंगूनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. वारा पडला होता, राब पेटवायचा राहिला होता. ती घमेलं उचलून माती पसरायला गेली.