बाईंना बघायचा होता तो निळा

मित्रांनो, खुर्च्यांच्या घराण्यात माझा मान तसा शेवटचाच. मला हात नाहीत, आणि गादीचं तर नावच काढू नका. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. उघडली की बसा, मिटली की पट्टा खांद्याला अडकवा आणि चालू पडा. सध्या मी माळ्यावर पडून आहे. अंगावर धूळ साचली आहे आणि बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

एका शाळेच्या सुतारानं मोडक्या बाकांचं लाकूड आणि जाड कापड घेऊन मला बनवलं. त्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई मुलांना झाडं, पूल, पाणी काढायला बाहेर नेत, आणि त्यांना फार वेळ उभं राहवत नसे. सुतार म्हणाला, बसून बघा. बाई बसल्या, जरा डुलल्या आणि म्हणाल्या, "चालेल." बाईंच्या तोंडून "चालेल" निघणं म्हणजे शाबासकीच. पुढे सगळी शाळा मला ओळखू लागली. मी दिसले की मुलं आपोआप पेन्सिली काढायची.

बाईंकडे एका चित्राची छोटी छापील प्रत होती. खिडकीशी बसून शिवणारी एक मुलगी, आणि तिच्या मांडीवर पसरलेलं निळं कापड. बाई दरवर्षी ती वर्गात दाखवायच्या आणि दरवर्षी सांगायच्या की हा निळा खरा नव्हे, छापखान्यात मळलाय. मग कुणीतरी हमखास विचारायचं की खरा कसा आहे. बाई म्हणायच्या, "मीसुद्धा पाहिलेला नाही रे. एकदा बघून येते, मग सांगते." ती मुलं मोठी झाली, त्यांची मुलं त्याच वर्गात येऊन बसली, बाई निवृत्त झाल्या. सांगायचं राहूनच गेलं.

बाईंना दोन मुलगे. थोरला शिस्तीचा आणि धाकटा अघळपघळ. धाकटा लहान असताना एकदा सगळं घर गाडीत चढलं आणि तो थांब्यावरच राहिला. तासाभरानं सापडला तेव्हा तो निवांत शेंगा खात होता, पण बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून त्यांनी घराला नियम घालून दिला, की निघायचं तर सगळ्यांनी मिळून, नाहीतर कुणीच नाही. हा नियम बाईंचाच, हे ध्यानात ठेवा. पुढे तोच त्यांना नडला.

थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा-नवरी दोघांनाही भटकायची भारी हौस, म्हणून लग्न एका तळ्याकाठच्या अतिथिगृहात करायचं ठरलं. रोज सकाळी जंगलात पायी फिरायचं, मधल्या दिवशी लग्न, आणि शेवटच्या दिवशी जवळच्या शहरातलं चित्रसंग्रहालय बघून घरी परतायचं. त्या संग्रहालयात बाईंच्या छापील प्रतीचं मूळ चित्र होतं. नातीनं मुद्दाम आजीसाठीच ते ठरवलं होतं. बाई त्या दिवशी माझ्यावर बसून कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. त्याच महिन्यात बाई एकट्याच डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथली बाकं नेहमी भरलेली, म्हणून मी बरोबर होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की नजर आता जाणार, आणि ती फार दिवस टिकायची नाही. घरी बाईंनी चकार शब्द काढला नाही. लग्नाच्या आनंदावर विरजण कशाला, असं येताना वाटेत स्वतःशीच म्हणाल्या.

जंगलातल्या वाटेवर मी नातीच्या खांद्यावर होते. चढ आला की ती मला मांडायची आणि बाई बसायच्या. बसण्याआधी त्या हातानं माझी कड चाचपायच्या. पूर्वी असं कधी करत नसत. सगळे पक्षी दाखवायचे, बाई "हो, हो" म्हणायच्या आणि भलत्याच फांदीकडे बघायच्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. लग्नाची गडबड होती, त्यांना तरी काय बोल लावायचा? माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. एवढं एक चित्र बघून होऊ दे, असं सारखं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी बाई सगळ्यांच्या आधी तयार झाल्या आणि मला अंगणात मांडून बसल्या. एकेक जण बाहेर येत गेला. थोरल्यानं माणसं मोजली, तर धाकटा नाही. खोलीत नाही, तळ्यावर नाही, फोन उशीखाली. नात म्हणाली, आपण पुढे होऊ, काका मागून येईल. थोरल्यानं आईकडे पाहिलं. बाईंचे हात माझ्या कापडावर घट्ट आवळले गेले. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, निघा म्हणा.

"सगळे आल्यावरच जाऊ," बाई म्हणाल्या.

धाकटा दुपार टळल्यावर आला, घामानं निथळत, पायांना खरचटलेलं. आदल्या दिवशी बाई चष्मा जंगलातल्या एका दगडावर विसरल्या होत्या, तो शोधायला गेला होता हा बहाद्दर. वाट चुकला, पण चष्मा घेऊनच आला. "आई, चित्र बघायला लागेल ना तुला," म्हणाला. त्याला रागवायचं तरी कुणी आणि कसं? बाईंनी चष्मा लावला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, जवळून रंग तेवढे त्यांना चष्म्याविनाही ओळखता येत होते.

आम्ही पोचलो तेव्हा संग्रहालयाच्या दारावर साखळी लागत होती. थोरल्यानं खूप विनवण्या केल्या. पहारेकरी भला माणूस होता, पण किल्ल्या त्याच्याकडे नव्हत्या. परतीची गाडी तासाभरात होती.

"आई, पुढच्या वेळी नक्की," थोरला म्हणाला.

"अरे, चित्र कुठे पळून जातंय," बाई म्हणाल्या. पण घर येईपर्यंत गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

पुढची वेळ यायला वर्ष गेलं. तोवर सगळं उघड झालं होतं. बाई भिंतीला धरून चालायच्या, त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. धाकटा तर आईसमोर यायचंच टाळायचा. मग नातीनंच सगळ्यांना गोळा केलं. या खेपेला कुणी उशीर केला नाही. धाकटा सर्वांच्या आधी फाटकाशी येऊन उभा होता.

त्या दालनात थोरल्यानं मला चित्रासमोर मांडलं. बाई माझी कड चाचपून बसल्या. चित्राच्या शेजारी एक उंच खिडकी होती आणि तिच्यातून स्वच्छ निळं आकाश दिसत होतं. बाईंनी हळूहळू मान वळवली, जिकडे उजेड होता तिकडे. चित्र डावीकडे राहिलं. बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

नातीचा हात पुढे झाला, त्यांचा चेहरा वळवायला. थोरल्यानं तिचा हात मध्येच धरला.

"बघा," बाई म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? छापखान्यात मळला होता. किती स्वच्छ आहे हा निळा. मुलांना सांगायला हवं."

"हो, आई," धाकटा म्हणाला, आणि माझ्या पायाशी खाली बसून तोंड झाकून रडला. बाईंना वाटलं, चित्र बघून त्यालाही गहिवरून आलं. त्या त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

बाई आता नाहीत. मला माळ्यावर टाकलं याचं मला फारसं वाईट वाटत नाही, माझ्यावर बसायला या घरात आता कुणाचाच जीव धजत नाही. माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, मला अमुक एकदा बघायचंय, तर सगळे जमायची वाट बघू नका. जो कुणी मोकळा असेल त्यानं उठावं, त्यांचा हात धरावा आणि त्याच दिवशी घेऊन जावं.